पाणी कंबरेला बांधताना

पळताना किंवा डोंगर चढताना कंबरेला पाणी बांधायचे पट्टे आता गावोगावच्या खेळाच्या दुकानांत मिळतात. पट्टा घेतला जातो, चार रविवार वापरला जातो आणि मग कपाटाच्या दाराला लटकतो, अशी तक्रार बऱ्याच पत्रांत आहे. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉनची तयारी करतोय. रविवारी पहाटे १८ ते २५ किलोमीटर पळणं होतं. बाटली हातात धरून खांदा आखडतो. दुकानात तीन प्रकार दाखवले : मागे एक तिरकी बाटली, छोट्या बाटल्यांचा पट्टा, आणि मऊ पिशवी सरकवायचा नुसता ताणणारा पट्टा. कोणता घेऊ?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पट्ट्याचं नंतर बघू, आधी तुम्हाला पाणी किती लागतं ते मोजा. पळायला निघण्यापूर्वी लघवी करून, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करा. वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. परत आल्यावर घाम पुसून त्याच काट्यावर पुन्हा वजन करा. समजा जाताना ६४.२ किलो होतं, ७५ मिनिटं पळून आल्यावर ६३.१ भरलं आणि मधे ४०० मिलि पाणी प्यायलात. घटलेले १.१ आणि प्यायलेले ०.४ मिळून दीड लिटर घाम गेला, म्हणजे तासाला १.२ लिटर. मधे लघवीला थांबलात तर हिशेब चुकतो, तो रविवार सोडून द्या. पौषातल्या पहाटेचा आकडा वैशाखात चालत नाही, तेव्हा उन्हाळ्यात परत मोजा.

गेलेला सगळा घाम लगोलग भरून काढायचा नसतो. वजनाच्या दोनेक टक्के घट बहुतेकांना सहज पेलते. ६४ किलोच्या माणसाला ती सुमारे १.३ लिटर. दोन तासांत २.४ लिटर जाणार असेल तर १.१ लिटर प्यायलं की भागतं, म्हणजे तासाला साडेपाचशे मिलि. वाटेत एकदा बाटली भरायची सोय असेल तर ६०० मिलिची एक बाटली पुरली. तहान लागेल तसे घोट घ्या. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रमिष्टासारखं बोलणं इथून सुरुवात होऊन ते जिवावरही बेतू शकतं.

आता पट्टा. मागे तिरकी बाटली असलेल्या पट्ट्याचा गुण एवढाच की पाणी भरपूर मावतं आणि बाटली साधी, धुवायला सोपी असते. दोष मोठा आहे. ६०० ग्रॅम पाणी आणि शंभरेक ग्रॅम बाटली, हे सगळं वजन एका जागी, तेही अंगापासून चार बोटं बाहेर लटकतं. पळताना अंग पावलागणिक काही सेंटिमीटर वरखाली होतं आणि मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात. अंग खाली आलं तरी बाटली अजून वर जात असते, मग दणका देत खाली येते. त्यात ती अर्धी रिकामी झाली की पाणी आतल्या आत हिंदकळतं आणि दणक्याचा ताल तुमच्या पावलाशी जुळत नाही. बाटली भरलेली असते तेव्हा चांगला वाटणारा पट्टा आठव्या किलोमीटरनंतर छळायला लागतो तो यामुळेच.

छोट्या बाटल्यांच्या पट्ट्यात हेच वजन दोन किंवा चार ठिकाणी वाटलं जातं. २०० ते ३०० मिलिच्या दोन बाटल्या, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना किंवा कुशीच्या जरा मागे. उडी बरीच कमी होते. कुशीला असतील तर आलटून पालटून प्या, नाहीतर पट्टा एका अंगाला कलतो. दोन्ही पाठीमागे जवळजवळ असतील तर एक पूर्ण संपवा आणि मग दुसरीला हात घाला. हिंदकळणारी बाटली एकच राहते.

मऊ पिशवीला, म्हणजे सॉफ्ट फ्लास्कला, हिंदकळणं माहीतच नाही, कारण पाणी संपतं तशी ती आक्रसत जाते आणि आत हवा राहत नाही. अट एकच : भरताना बूच लावण्याआधी ती दाबून हवेचा शेवटचा बुडबुडा काढायचा. तो राहिला तर ‘गुळुक गुळुक’ आवाज घरापर्यंत सोबत करतो. दोष असा की अर्धी रिकामी पिशवी पळता पळता पट्ट्यात परत कोंबता येत नाही. ती बाहेर न काढता वाकून प्यायची सोयही कंबरेला नसते. दर वीस मिनिटांनी दहा पावलं चाललात तरच हे जमतं.

तुमच्या अंतराला आणि वेगाला आम्ही दोन बाटल्यांचा पट्टा सुचवू, २५० ते ३०० मिलिच्या. पंचवीस किलोमीटरच्या दिवशी मधे एकदा भरायची जागा आधी ठरवून ठेवा. मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या शर्यतीत वाटेवर पाणी मिळतच राहतं; तिथे हा पट्टा घरी ठेवलात तरी चालेल किंवा एकच बाटली लावा.

विकत घेण्यापूर्वी दुकानात एक गोष्ट करा, दुकानदार हसला तरी. बाटल्या पाण्याने भरा, पट्टा बांधा आणि जागच्या जागी दोन मिनिटं पळा. मग न बघता बाटली काढा, परत बसवा. असं दहा वेळा. काढणं कुणालाही जमतं, खरी परीक्षा परत बसवण्याची. कप्प्याचं तोंड ताठ, उघडं राहणारं असेल तर बाटली आपसूक जागेवर जाते. तोंड मऊ कापडाचं असेल तर बाटली काढली की ते मिटतं आणि तुम्ही पाठीमागे चाचपडत राहता. खांदा आखडतो असं लिहिलंय म्हणून विशेष सांगतो, हात मागे नेताना दुखत असेल तर पाठीमागचा कप्पा नकोच. बाटल्या कुशीला किंवा पुढे हव्यात.

प्रश्न : जीन्स ३४ ची लागते म्हणून पट्टाही त्याच मापाचा मागवला. पहिल्या दोन किलोमीटरला ठीक, नंतर सैल होत होत मांडीवर येतो.
— वाचक, नाशिक

उत्तर : जीन्सवरचा आकडा हा कंपनीने ठरवलेला आकडा. तुमच्या कंबरेशी त्याचं नातं दूरचं असतं. शिंप्याची टेप घ्या, पळायची चड्डी घाला आणि पट्टा जिथे बसणार तिथेच घेर मोजा. ही जागा म्हणजे पोटाची वळी नव्हे. कुशीवर दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडं आहेत ना, पट्ट्याची खालची कड त्यांच्यावर टेकली पाहिजे. श्वास सोडून एकदा आणि पोटभर श्वास घेऊन एकदा मोजा. दोन्ही मापं पट्ट्याच्या कमीतकमी आणि जास्तीतजास्त मापाच्या मधे आली पाहिजेत. अगदी कडेला येत असाल तर लहान माप घ्या, कारण ताणणारे पट्टे घामाने भिजून आणि वापराने सैलच होत जातात, आखडत नाहीत. बांधल्यावर पट्टा आणि पोट यांत दोन बोटं सपाट जावीत, मूठ जाता कामा नये.

तुमचा पट्टा नायलॉनच्या पट्टीचा असेल तर दोष मापाचा नसून बकलचा असण्याची शक्यता जास्त. जवळून बघा. पट्टी बकलच्या आडव्या दांडीभोवती फिरून परत येते आणि दांडीच्या खरखरीत कडेवर तिची पकड असते. नवीन असताना त्या कडेला बारीक दाते असतात. स्वस्तातल्या बकलचे ते वर्षभरात झिजून गुळगुळीत होतात. घामाने ओली झालेली पट्टी मग दर दणक्याला केसभर सरकते. केसभराचे दोन किलोमीटरमध्ये चार बोटं होतात. उपाय दोन. पट्टीचं मोकळं टोक दांडीवरून आणखी एकदा आत ओवून घ्यायचं. नाहीतर घाम आलेला असताना नेमकं माप ठरवून, तिथे सुईदोऱ्याने पाच-सहा भक्कम टाके घालून ते माप कायमचं करून टाकायचं. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा घामाने कुजतो. लोंबणारं टोक दुमडून रबरबँडमध्ये अडकवा, ते मांडीवर फटफटत राहिलं तरी पट्टा सैल झाल्यासारखा भास होतो.

प्रश्न : माझा पट्टा खाली घसरत नाही, उलट वर वर चढत बरगड्यांपाशी जातो. शिवाय कंबर काचते, आंघोळीच्या वेळी आग होते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर पळणंच नको वाटतं.
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : कुल्ले रुंद आणि कंबर बारीक असेल तर पट्टा अरुंद जागा शोधत वर सरकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, निसरड्या उतारावर कुणीही असंच वागेल. सरळ, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्याऐवजी मागे वळण दिलेला, वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड असलेला पट्टा शोधा. आतल्या बाजूला सिलिकॉनच्या चिकट रेघा असतील तर टी-शर्टवर नाही, पळायच्या घट्ट चड्डीच्या नेफ्यावर त्या टेकवा. सुळसुळीत टी-शर्टवर त्या काहीच धरत नाहीत. वर चढतो म्हणून आणखी आवळू नका, आवळलेला पट्टा आणखी जोरात वर जातो. हे करूनही चढतच असेल तर नैसर्गिक कंबरेवर, बेंबीच्या पातळीला बसणारा रुंद ताणणारा पट्टा घ्या आणि पाणी ३०० मिलिच्या वर नेऊ नका.

काचण्याची तीन कारणं असतात : हालणारी कड, ओलं कापड आणि मीठ. घाम वाळून मिठाचे कण राहतात आणि ते कातडीवर पॉलिश पेपरसारखं काम करतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. जिथे शिवणीची गाठ किंवा पट्टीची कापलेली कड बोटाला टोचते, तिथेच वळ उठलेले दिसतील. ती जागा मऊ कापडाची पट्टी शिवून झाका. पळण्याआधी त्या जागेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. टाल्कम पावडर टाळा, घामात तिचा लगदा होतो. टी-शर्ट आत खोचून पट्टा त्यावर बांधा, उघड्या अंगावर कधीच नको. आणि प्रत्येक वेळी पट्टा धुवा. वाळलेल्या घामाचा पट्टा दुसऱ्या दिवशी तसाच बांधला की पहिल्या किलोमीटरपासून काचायला सुरुवात होते. सोलवटलेल्या जागेवर तीन-चार दिवस पट्टा बांधू नका, तोवर बाटली हातात.

उन्हाळ्यासाठी एक सोय. रात्री बाटलीत एक तृतीयांश पाणी भरून ती फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, पहाटे वरून साधं पाणी ओता. पूर्ण भरून गोठवू नका. बर्फ झाल्यावर पाणी जवळपास नऊ टक्के फुगतं आणि बाटली चिरते किंवा बूच उडतं.

प्रश्न : दर शनिवारी सिंहगड चढतो, आता राजगड आणि कळसूबाई करायचे आहेत. सॅक पाठीवर नको वाटते, पाठ घामाने चिंब होते. दीड लिटरचा कंबरेचा पॅक घेतला तर चालेल का?
— वाचक, धायरी, पुणे

उत्तर : सिंहगडाला चालेल, राजगडाला चालणार नाही, आणि दीड लिटरचा तर कुठेच घेऊ नये असं आमचं मत आहे.

सिंहगडाची पायवाट तास-दीड तासाची, वर ताक, लिंबू-सरबत आणि पाणी मिळतं. ५०० ते ७५० मिलि कंबरेला असलं की काम झालं. लोहगडाच्या पायऱ्यांचंही तेच. राजगडावर दिवस जातो. संजीवनी माची, सुवेळा माची फिरून बालेकिल्ला केलात तर माणशी दोन-तीन लिटर पाणी लागतं, शिवाय डबा, टॉर्च, पावसाळी कपडा. एवढं वजन खांद्यांवरच वाटलं गेलं पाहिजे. कंबरेला एक किलोच्या वर वजन बांधलं की ते मागे ओढतं, त्याला तोलायला तुम्ही नकळत पोट पुढे काढून चालता आणि संध्याकाळी कंबर धरते. सॅक हवीच, पण १५-२० लिटरची, पाठीशी जाळी ताणलेली घ्या. हवा खेळती राहते आणि पाठ निम्मी तरी कोरडी राहते. सोबत छोटा कंबरेचा पॅक पुढे फिरवून बांधला तर त्यात ५०० मिलिची बाटली, खजूर-चिक्की आणि शिट्टी राहते. सारखी सॅक उतरवावी लागत नाही.

सह्याद्रीत कंबरेच्या पॅकचा खरा प्रश्न उतरताना येतो. कातळटप्प्यावर आपण बसून, पाठ खडकाला घासत उतरतो. मागे बाटली असेल तर ती खडकाला टेकते आणि अंग पुढे ढकललं जातं, नेमकं जिथे ते मागे हवं असतं तिथे. असा टप्पा आला की थांबून पॅक पुढे फिरवा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर उलटं करा : पॅक पुढे असेल तर पाय ठेवायची पायरी दिसत नाही आणि तो पायऱ्यांना अडतो, म्हणून शिडीला हात लावण्याआधी मागे न्या. दोर लावून उतरायचं असेल तर पॅक सरळ काढून सॅकमध्ये टाका. हार्नेसचा कंबरपट्टा कुशीच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे, त्याच्याखाली दुसरं काहीही चालत नाही.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, घट्ट बांधलेली छोटी बाटली त्रास देत नाही. झुलणारी देते. पाय सटकल्यावर तोल सावरायचा तो क्षण आणि बाटलीचा झोका एकाच वेळी आला की माणूस बसतोच.

वर पाणी मिळेल या भरवशावर कमी पाणी नेऊ नका. राजगडावर पद्मावती माचीवर टाकी आहेत, सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात. पण मार्चनंतर बऱ्याच गडांवरची टाकी तळाला जातात, गढूळ होतात. असं पाणी भरावं लागलं तर कापडातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढुळात गोळीचं काम नीट होत नाही, म्हणून गाळणं आधी. यासाठी रुंद तोंडाची एक बाटली जवळ असू द्या.

प्रश्न : बाटल्यांना कोकम सरबताचा वास बसलाय आणि चोखायच्या टोपीत काळे ठिपके दिसतात. फेकून द्याव्यात का? आणि बाटलीत नेमकं काय भरावं?
— वाचक, चिपळूण

उत्तर : काळे ठिपके म्हणजे बुरशी. टोपी पूर्ण सोडवा. बहुतेक टोप्यांत मधली रबरी किंवा सिलिकॉनची जीभ वेगळी निघते, आणि मळ तिच्याखाली साठतो. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या मऊ टूथब्रशने घासा, मग एक लिटर पाण्यात चार चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवा. वास याने जातो. ठिपके सिलिकॉनच्या आत उतरले असतील तर घासून निघत नाहीत; मग टोपी बदला, बाटली राहू द्या. मऊ फ्लास्कला कढत पाणी दाखवू नका, सांधे सुटतात. धुतल्यावर फ्लास्कच्या आत लाकडी पळीचा दांडा घालून तो उघडा ठेवून वाळवा, नाहीतर भिंती एकमेकींना चिकटून आत ओल राहते. रोज वापर असेल तर ओला फ्लास्क तसाच फ्रीझरमध्ये टाकला तरी बुरशी वाढत नाही.

दोन बाटल्या असतील तर एकीत कायम साधंच पाणी ठेवा. ते तोंडावर मारता येतं, खरचटलेलं धुता येतं. गोड पदार्थ दुसरीतच. तासाभराच्या आतल्या पळण्याला पाणी पुरतं. दोन तास आणि भरपूर घाम असेल तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते. ती ३०० मिलिच्या बाटलीत अख्खी ओतू नका. तीनपट दाट द्रावण पोटात राहतं, मळमळतं आणि तहान वाढवतं. छोट्या बाटलीसाठी २०० मिलिच्या मापाची लहान पुडी मिळते ती घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा चमचा शीग लावून भरू नका, चूक बहुधा तिथेच होते. कोकम चालेल, पण गाळून. आगळातला गाळ टोपीच्या फटीत बसतो आणि तुमच्या ठिपक्यांचं मूळ तेच असावं.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. रोज टेकडी चढतो. पट्ट्यात काय काय ठेवावं?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पुढच्या बाजूला, हाताखाली येणारा चेनचा एक कप्पा फक्त यासाठी राखून ठेवा. त्यात १५ ग्रॅम ग्लुकोजच्या दोन पुड्या (एक म्हणजे चहाचे तीन चमचे), ग्लुकोमीटर असेल तर तो झिपलॉकच्या पिशवीत, आणि नाव, आजार, औषधं, घरचा फोन लिहिलेलं कार्ड. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा साखर ७० च्या खाली दिसली की बसा, एक पुडी पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. वाढली नसेल तर दुसरी. चॉकलेट नको. त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते, आणि आपल्याकडच्या उन्हात ते वितळून चेन बरबटवतं. इन्सुलिन पेन फेरफटक्यात लागत नसेल तर घरीच ठेवा. न्यावंच लागलं तर अंगाला चिकटलेल्या कप्प्यात नको, आणि बर्फाच्या बाटलीला टेकवूनही नको. उष्णतेने ते बिघडतं, गोठलं तर पार वाया जातं. चढाच्या दिवशी डोस किती ठेवायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. पाणी २५० मिलि पुरेल.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या सरावानंतर उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिर वाटतं. पाय चालतो, ताकदही आहे. मणक्याचं काही असेल का?
— वाचक, ठाणे

उत्तर : आधी पट्ट्याकडे बघा. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस कुशीच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते. पट्ट्याची घट्ट कड किंवा त्यातला मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा नेमका तिथे दाबला गेला की अशाच मुंग्या येतात. कमरेला अवजारांचा पट्टा बांधून काम करणाऱ्यांतही हे दिसतं. दोन आठवडे पट्टा बंद ठेवा, घट्ट इलॅस्टिकची चड्डीही. बरं वाटलं तर पुढे रुंद, सैलसर पट्टा वापरा आणि टणक वस्तू बेंबीखाली किंवा मागे, पण कुशीवर नको. मुंग्या तशाच राहिल्या, पायातली शक्ती कमी वाटली किंवा कंबरेतून कळ येत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : होस्टेलवर राहतो, विकतचा पट्टा परवडत नाही. जुन्या दप्तरापासून शिवता येईल का?
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : उत्तम होईल, आणि बाजारातल्या स्वस्त पट्ट्यापेक्षा बराच. दप्तराच्या खांद्याच्या पट्ट्या आणि बकल उसवून घ्या. पट्टी दीड इंची (३८ मिमी) हवी. लांबी कंबरेचा घेर अधिक ३० सेंमी. कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा म्हणजे उसवणार नाहीत.

पाठीमागे येणारा तुकडा १४ सेंमी उंच, २२ सेंमी रुंद कापा, दोन थरांत. मधे जुन्या कॅरीमॅटचा तुकडा घाला. याच्यावर बाटलीचा कप्पा. बाटलीचा घेर टेपने मोजा, त्यात एक सेंमी सैल आणि दोन सेंमी शिवणीचे मिळवा. बाटलीच्या उंचीचे दोन भाग कप्प्यात, एक भाग बाहेर. कप्पा उभा लावू नका. पंचेचाळीस अंशांत कलता, तोंड उजव्या हाताकडे (डावखुरे असाल तर उलट). तोंडाच्या कडेत प्लास्टिकच्या फाइलची पातळ पट्टी घालून शिवली की ते उघडं राहतं. तळाला एक छिद्र ठेवा, नाहीतर घाम आणि पावसाचं पाणी साठून राहतं. बाटलीच्या गळ्याभोवती येईल असा इलॅस्टिकचा फास वरच्या कडेला शिवा.

आता ज्याने उडी थांबते तो भाग. कप्प्याच्या बाहेरच्या बाजूपासून दोन्ही कुशींकडे येणाऱ्या, इंचभर रुंदीच्या दोन आखूड पट्ट्या लावा, आणि त्या मुख्य पट्टीवर ओढून घट्ट करता येतील अशा बसवा. मुख्य पट्टी फक्त पॅकचा पाया अंगाशी धरते. बाटली मात्र बाहेर झुकलेली असते, तिला या दोन पट्ट्या पाठीकडे खेचतात. दप्तराच्या बाजूच्या आवळायच्या पट्ट्या इथे नेमक्या उपयोगी पडतात. सगळे जोड चौकोन शिवून त्यात फुली मारून पक्के करा. हाताने शिवणं जमलं नाही तर चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. शिंप्याच्या साध्या मशीनची सुई इतके थर पेलत नाही.

प्रश्न : पट्ट्यात फोन पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला तर बिघडेल का?
— वाचक, पणजी

उत्तर : बाटली गळून फोन भिजतो असं क्वचितच होतं. घाम आणि थंड बाटलीवर जमणारं दव यांनी तो जास्त भिजतो. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या कप्प्याच्या चेनवर विश्वास ठेवू नका. झिपलॉकच्या पिशवीत घालून, पडदा अंगाकडे करून ठेवा. खाऱ्या हवेत आणि घामात चेन अडकायला लागली तर दात्यांवर मेणबत्ती घासा.

प्रश्न : इथे हिवाळ्यात उणे दहाला पळते. अर्ध्या तासात बाटलीचं तोंड गोठतं.
— वाचक, टोरांटो

उत्तर : चोखायची टोपी हिवाळ्यापुरती बाजूला ठेवा, तिच्यातला थेंबभर पाण्याचा अंशच आधी गोठतो. रुंद तोंडाची, घट्ट आट्यांच्या बुचाची बाटली घ्या, कोमट पाणी भरा आणि ती कप्प्यात उलटी ठेवा. बर्फ पाण्याच्या वरच्या थराला आधी धरतो. बाटली उलटी असली की तो बुडाकडे होतो आणि तोंड मोकळं राहतं. घरून निघण्यापूर्वी सिंकवर पाच मिनिटं उलटी धरून गळत नाही ना ते बघा. पट्टा जॅकेटच्या आत बांधा, वर नको.